फुलं चिक्कार पण सेटिंग (फळधारणा) नाही? कोणत्या पिकाचं परागीभवन कधी आणि कसं करायचं

दर सीझनला तेच प्रश्न येतात. दोडक्याला फुलं लई लागलीत पण बारकं फळ पिवळं पडून गळायलंय, सीताफळाची फुलं नुसती खाली पडायलीत, ड्रॅगन फ्रूटला कळ्या भरपूर आणि फळं बोटावर मोजण्याइतकी. यावर उत्तरही ठरलेलं, दुकानात जायचं, एक टॉनिक, एक बोरॉन (सूक्ष्म अन्नद्रव्य) आणि एक फुलगळीचं औषध आणायचं आणि पंप पाठीवर घ्यायचा. खताची कमतरता कधीकधी असतेही, नाही असं नाही, पण ज्या फुलाच्या मादीभागावर परागच पडला नाही त्याला कितीही टॉनिक पाजलं तरी फळ धरत नाही. आणि बहुतेक वेळा गडबड टायमिंगची असते. फूल उघडतं संध्याकाळी आणि आपण ब्रश घेऊन जातो सकाळी नऊला.

खाली क्रम दिलाय तसाच क्रम धरा. पहिले तीन टप्पे आणि शेवटचा नववा सगळ्यांसाठी आहेत, मधल्यांत ज्याचं जे पीक त्यानं ते वाचावं.

## टप्पा १: आधी ठरवा, तुमच्या पिकाला मदत लागते का

इथंच अर्धे लोक चुकतात. सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद यांचं फूल उघडायच्या आधीच आतल्या आत काम उरकलेलं असतं. हरभऱ्याची फुलगळ होत असेल तर थंडी, धुकं, पाणी, मर रोग, घाटेअळी हे बघा, परागीभवनाच्या मागं लागू नका. मोसंबीलाही फळधारणेसाठी दुसऱ्या झाडाचा पराग लागत नाही, जालन्याकडच्या बागांत जी गळ होते तिची कारणं बहुतेक पाण्याचा ताण, बुरशी आणि रसशोषक पतंगात असतात.

मका आणि बाजरीचं काम वारा करतो. फक्त मका गच्चीवर किंवा परसात लावणारे एकच लांब ओळ लावतात आणि मग कणीस अर्धं रिकामं निघतं. मका चौकोनात लावायचा, चार-पाच छोट्या ओळी शेजारी शेजारी, म्हणजे तुऱ्याचा पराग कणसाच्या केसांवर पडतो. प्रत्येक केस म्हणजे एक दाणा, ज्या केसावर पराग नाही तिथं दाणा नाही. झाडं थोडीच असली तर सकाळी तुरा हलवून द्या, झालं.

पॉलिहाऊसमधली बिनबियांची काकडी परागाशिवायच धरते. उलट तिथं माश्या शिरल्या तर काकडी वेडीवाकडी, एका टोकाला फुगलेली येते. तोंडलीचंही तसंच, आपण लावतो ते मादी वेल आणि ते परागाशिवाय फळ देतात, त्यामुळं ब्रश घेऊन तोंडलीच्या मांडवाखाली उभं राहण्यात अर्थ नाही.

मदत लागणारी मंडळी ही: सगळा वेलवर्ग (वरचे अपवाद सोडून), सीताफळ, ड्रॅगन फ्रूट, कर्टुलं, सूर्यफूल, कांद्याचं बी, आणि शेडनेटमधला टोमॅटो.

चेक: बियाण्याच्या पाकिटावर किंवा रोपवाटिकेत विचारून घ्या की वाण परागाशिवाय फळ धरणारा आहे का. बिनबियांचं कलिंगड लावलं असेल तर त्यात मधी मधी साध्या बियांच्या कलिंगडाचे वेल पाहिजेतच, कारण बिनबियांच्या वेलाचा स्वतःचा पराग कामाचा नसतो. हे न सांगता बियाणं विकलेलं असतं आणि मग प्लॉट फेल गेला म्हणून बोंब होते.

## टप्पा २: नर-मादी ओळखा आणि फुलाचं घड्याळ लिहून काढा

वेलवर्गात नर आणि मादी फुलं वेगळी, पण बहुतेक पिकांत एकाच वेलावर. मादी फुलाच्या मागं बारकं फळ असतं, दोडक्याचं दोडक्यासारखं, कारल्याचं काटेरी, भोपळ्याचं गोल. नर फूल नुसत्या दांड्यावर. खरबुजात बऱ्याच वाणांत मादीऐवजी दोन्ही भाग असलेलं फूल येतं, तरी मागं बारकं फळ दिसतंच, त्यामुळं ओळखायला अडचण नाही.

वेलाला सुरवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळतात. हे नॉर्मल आहे. आठ-दहा दिवस थांबा, मादी फुलं मागून येतात. या टप्प्यावर फुलगळ म्हणून औषध मारणं म्हणजे पैसे मातीत. पंधरा-वीस दिवस झाले तरी मादी दिसत नसेल तर युरिया जास्त झालाय का आणि ऊन किती आहे ते बघा, दोन्हीनं नर फुलं वाढतात.

डाळिंबवाल्यांसाठी एक ओळ: घंटीसारखं निमुळत्या बुडाचं फूल नर, ते गळणारच. गाडग्यासारखं बुडाला फुगीर असलेलं फूल धरतं. खाली पडलेली फुलं उचलून बघा, सगळी निमुळती असली तर काळजीचं कारण नाही.

आता घड्याळ. हे वहीत लिहा किंवा मोबाईलमध्ये, पण लिहा.

- सकाळची फुलं: काकडी, कारलं, कलिंगड, खरबूज, लाल भोपळा, गिलकं. पहाटे किंवा सकाळी उघडतात, काम ६ ते ९ मध्ये. उन्हाळ्यात ९ नंतर पराग वाळतो आणि मादी टोकाचा चिकटपणाही जातो.
- संध्याकाळची फुलं: दोडका, दुधी भोपळा, पडवळ, कर्टुलं. दिवस मावळायच्या सुमारास उघडतात, काम तेव्हापासून अंधार पडेपर्यंत, कर्टुल्याला तर बॅटरी लावून.
- रात्रीचं: ड्रॅगन फ्रूट.
- दोन दिवसांचं: सीताफळ, फूल आधी मादी आणि मग नर. याला स्वतंत्र टप्पा दिलाय खाली.

दोडका आणि गिलकं दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाचं फूल संध्याकाळी आणि दुसऱ्याचं पहाटे उघडतं. एकाच मांडवावर दोन्ही असले तर दोन फेऱ्या लागतात, पर्याय नाही.

इशारा: वेलाचं मादी फूल एकच दिवस कामाचं. काल उघडलेल्या, मलूल झालेल्या फुलाला आज पराग लावून काही होत नाही.

## टप्पा ३: तयारी, आणि त्यातही फवारणी आधी

सामान फार नाही. दोन नंबरचा किंवा तीन नंबरचा रंगकामाचा मऊ ब्रश, एक छोटी झाकणाची डबी, कागदी पाकिटं, काळा कागद किंवा काळ्या कापडाचा तुकडा, आणि रंगीत सुतळीचे तुकडे. प्लॅस्टिकची पिशवी परागासाठी वापरू नका, आत घाम येतो आणि परागाचा गोळा होतो.

माणसं कुठली घ्यायची हेही सांगतो. जालन्याकडं सरकीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं (एका वाणाचा पराग दुसऱ्याला लावायचं) काम केलेल्या बाया असतील तर त्यांना बोलवा. तिथं आदल्या दिवशी दुपारनंतर कळी सोलायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचा हा शिरस्ता असतो, त्यामुळं फुलाची वेळ काय चीज आहे हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. नवख्या माणसाला दिवसाच्या मजुरीवर आणलं तर तो घाई करतो आणि निम्मी फुलं मोडतो.

आता फवारणी. फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक मारलं की माश्या मरतात किंवा आठवडाभर फिरकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं तरी मारायलेतच. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम असल्या आंतरप्रवाही (झाडाच्या अंगात भिनणाऱ्या) औषधांचा अंश फुलातल्या मकरंदात आणि परागातही उतरतो, ती फुलोऱ्याच्या काळात नकोतच. "संध्याकाळी फवारा" हा सल्ला सगळीकडं देतात आणि तो सकाळच्या फुलांना बरोबर आहे, पण दोडका-दुधीला संध्याकाळी ५ वाजता फवारलं तर तुम्ही नेमकं उघडणाऱ्या फुलावरच मारताय. बुरशीनाशकाचं पाणीसुद्धा उघड्या फुलात गेलं तर पराग भिजून फुटतो. म्हणून घड्याळ आधी लिहायला लावलं. ज्या वेळी तुमचं फूल मिटलेलं असतं ती तुमची फवारणीची वेळ.

क्रॉप कव्हर (किडी आत येऊ नयेत म्हणून वेलांवर घालतात ते पातळ कापड) घातलेलं कलिंगड-खरबूज असेल तर पहिली मादी फुलं दिसली की कव्हर काढायचं. व्हायरसच्या भीतीनं लोक अजून चार दिवस, अजून चार दिवस करत ठेवतात आणि पहिला, सगळ्यात चांगला सेट हातचा जातो, आत माशीच जात नाही तर धरणार काय.

चेक: काम सुरू करायच्या आदल्या दिवशी शेतात अर्धा तास नुसतं बसा, तुमच्या फुलाच्या वेळेला. माश्या किती येतात बघा. फुलोरी, सातेरी, आग्या या मधमाश्या, किंवा काळा मोठा भुंगा, कोणीही चालेल. फुलाफुलावर माशी दिसत असेल तर हातानं करायची गरजच नाही, घरी जा.

## टप्पा ४: वेलवर्गीय भाज्या, हातानं

१. ताजं, त्याच वेळी उघडलेलं नर फूल दांड्यासकट तोडा. मधल्या पिवळ्या भागाला बोट लावून बघा, बोटाला पिवळी पावडर लागली पाहिजे. नाही लागली तर फूल अजून तयार नाही किंवा संपलंय.

२. पाकळ्या मागं दुमडा किंवा तोडून टाका.

३. उघडलेल्या मादी फुलाच्या मधल्या टोकावर हलकं टेकवून फिरवा. या टोकाला बहुतेक वेलांत तीन भाग असतात, तिन्हींवर पराग पडला पाहिजे. एकाच बाजूला टेकवून पुढं गेलात तर फळ त्या बाजूनं भरतं आणि दुसरीकडं खोल राहतं, कलिंगडाचं कुबड निघतं ते बऱ्याचदा यामुळंच.

४. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. ओढून-ताणून पाच-सहा करू नका.

५. दांड्याला सुतळीचा तुकडा बांधा. रोज वेगळा रंग. हे कंटाळवाणं आहे पण चौथ्या दिवशी कोणत्या दिवसाचं काम धरलं आणि कोणत्या दिवसाचं गेलं हे याच्याशिवाय कळत नाही.

दोडक्याचा पाऊण एकराचा प्लॉट हातानं करणं परवडत नाही, हे सरळ सांगतो. हातानं करायचं ते मांडव लहान असेल तेव्हा, गच्चीवर, शेडनेटमध्ये, किंवा ढगाळ झिमझिम पावसाच्या आठवड्यात जेव्हा माशी बाहेरच पडत नाही. मोठ्या प्लॉटला मधमाशीच्या पेट्यांचं बघा, टप्पा ७.

इशारा: कारल्याशेजारी दोडका लावला म्हणून दोडका कडू झाला असं बरेच जण म्हणतात. या दोघांचा क्रॉस होतच नाही. आणि ज्यांचा होतो त्यांचाही परिणाम यंदाच्या फळाच्या गरावर दिसत नाही, तो दिसतो त्या फळाचं बी पुढच्या साली लावल्यावर. घरचं बी धरायचं असेल तर मात्र मादी कळी उघडायच्या आधी तिला कागदी पाकीट बांधा, नर कळीलाही बांधा, हातानं पराग लावा आणि परत पाकीट बांधून दोन दिवस ठेवा.

### कर्टुलं

बालाघाटाच्या डोंगरात पावसाळ्यात मिळणारं कर्टुलं आता लोक शेतात लावायलेत, चांगलं आहे. याचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे. बियांपासून लावलं तर फूल येईपर्यंत काय आहे कळत नाही, म्हणून ओळख पटलेल्या वेलांचे कंद आणा, आणि दहा मादी वेलांना एक नर वेल या हिशोबानं लावा. नुसते मादी कंद आणून लावणारे आहेत, त्यांना फुलं दिसतात आणि कर्टुलं एकही नाही. नर वेल कडेला एकत्र न लावता प्लॉटमध्ये विखरून लावा. फूल दिवेलागणीला उघडतं, तेव्हा नर फूल घेऊन वर सांगितलं तसंच करायचं.

## टप्पा ५: सीताफळ, इथं घाई चालत नाही

बीड, धारूर, अंबाजोगाईच्या पट्ट्यात सीताफळ माळरानावर आपोआप येतं म्हणून त्याला काही करावं लागत नाही असा समज आहे. माळावरच्या झाडाला शंभर फुलांतली थोडीच धरतात आणि ते कोणी मोजत नाही. बाग केली की मात्र मोजावं लागतं.

अडचण अशी की सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर. मादी असताना त्याचा स्वतःचा पराग तयार नसतो आणि पराग सुटतो तेव्हा मादी टोक वाळलेलं असतं. निसर्गात हे काम बारके तपकिरी भुंगेरे करतात, मधमाशी नाही, कारण फुलाचं तोंड अरुंद आणि पाकळ्या जाड. म्हणून सीताफळाच्या बागेत मधमाशीच्या पेट्या ठेवून सेटिंग वाढेल अशी आशा धरू नका.

अवस्था ओळखा. पाच-सहा फुलं तोडून पाकळ्या काढून आत बघा, मगच ब्रश हातात घ्या.

- कडक बंद कळी: हात लावू नका.
- पाकळ्यांची टोकं जराशी सुटलीत, आतला मधला शंकू ओलसर चमकतोय: ही मादी अवस्था, पराग इथं लावायचा.
- पाकळ्या पूर्ण फाकल्यात, शंकूखालचे घट्ट पांढरट दाणे सैल झालेत, हलवलं की झडतात: ही नर अवस्था, पराग इथून घ्यायचा.

काम असं करा.

१. आदल्या दिवशी संध्याकाळी, पाकळ्या सुटत आलेली, उद्या पराग देतील अशी फुलं तोडा. लागतील असं वाटतं त्याच्यापेक्षा जास्तच तोडा, कारण सगळ्यांचा पराग सुटत नाही. बारक्या फांद्यांच्या शेंड्यावरची फुलं घ्या, तिथं फळ धरून फायदाही नसतो.

२. कागदी पाकिटात किंवा उघड्या ताटात कागदावर पसरून रात्रभर घरात ठेवा. फ्रीजमध्ये नको, बंद डब्यात नको.

३. पहाटे काळ्या कागदावर फुलं झटका. पांढरट-पिवळसर बारीक पावडर आणि झडलेले दाणे पडले की डबीत घ्या. काहीच पडलं नाही तर फुलं फार कोवळी तोडलीत, उद्या एक पायरी पुढची तोडा.

४. सकाळी ६ ते साधारण ९ पर्यंत बागेत. डाव्या हातानं फूल धरा, अंगठ्यानं एक पाकळी अलगद बाजूला करा, मोडायची नाही. ब्रश परागात बुडवून आतल्या ओल्या शंकूवर सगळ्या बाजूंनी दोन-तीनदा फिरवा.

५. पराग त्याच सकाळी संपवा. उरलेला उद्या वापरू म्हणून ठेवला तर तो उद्या नुसती धूळ असतो.

सगळ्या बाजूंनी हे शब्द परत वाचा. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे वेगळा मादी भाग, ज्या डोळ्याला पराग मिळाला नाही तो फुगत नाही, आणि मग फळ एका अंगाला चपटं, मार्केटमध्ये दुसऱ्या ग्रेडला जातं.

फुलं कुठली निवडायची तर जाड फांदीवरची, खोडाजवळची, खाली तोंड केलेली. तिथं फळाला वजन येतं आणि फांदी वाकत नाही. एक दिवसाआड असं दोन-तीन आठवडे चालवा, म्हणजे फळं टप्प्याटप्प्यानं काढणीला येतात.

हवामानाचं काय? एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठाक, त्या हवेत मादी शंकू काही तासांत वाळतो. पाण्याची सोय असणारे लवकर बहार धरतात (पाणी देऊन आधीच फुलं आणतात) आणि मग मे मधली फुलगळ बघून घाबरतात. या दिवसांत हातानं केलं तरी टक्का कमीच राहणार. संध्याकाळी ओळींमध्ये पाणी दिलं किंवा तुषार संच चालवला तर बागेतली हवा जरा दमट होते, थोडा फरक पडतो. पाऊस सुरू झाला आणि हवेत ओल आली की तेच काम जास्त फळ देतं, म्हणून मनुष्यबळ जून-जुलैसाठी राखून ठेवा. पाऊस पडत असताना आणि फुलं ओली असताना मात्र करू नका.

चेक: पराग लावल्यावर पाकळ्या गळून मधला शंकू हिरवा राहिला आणि आठ-दहा दिवसांत जरासा जाड झाला तर धरलं. काळा पडून देठासकट गळला तर गेलं. टप्पा ४ सारख्याच इथंही सुतळ्या बांधा, आणि पहिल्या दिवसाच्या सुतळ्या बघून निकाल वाईट असेल तर अवस्था ओळखण्यात चूक आहे, मादी समजून तुम्ही नर अवस्थेतल्या फुलाला पराग लावताय, हेच सगळ्यात जास्त होतं.

भुंगेरे टिकवायचे असतील तर फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. काही जण बागेत सडकी फळं ठेवून भुंगेरे बोलावतात, त्याला ते येतात हे खरं आहे, पण फळमाशीही त्याच वासावर येते, म्हणून शेजारी पेरू किंवा आंबा असेल तर मी ते करणार नाही.

## टप्पा ६: ड्रॅगन फ्रूट

फूल अंधार पडल्यावर उघडायला लागतं, रात्री पूर्ण फुलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं. पहाटे उजाडताना मधमाश्या येतात पण त्यांना वेळ थोडा मिळतो. मादी टोक पराग असणाऱ्या भागाच्या पुढं बाहेर आलेलं असतं, त्यामुळं पराग आपोआप तिथं पोचत नाही. त्यात लाल गराच्या बऱ्याच वाणांना स्वतःचा पराग चालतच नाही, दुसऱ्या वाणाचा लागतो. एकाच वाणाची पूर्ण बाग लावणाऱ्यांची इथं अडचण होते, मधल्या काही खांबांवर दुसरा वाण चढवा.

१. रात्री ९ नंतर वाटी आणि ब्रश घेऊन जा, डोक्याला बॅटरी लावा. विंचू-सापाचा विचार करून पायात बूट घाला.

२. फुलाखाली वाटी धरून परागाचा भाग ब्रशनं झाडा, एका फुलात भरपूर पराग निघतो.

३. दुसऱ्या वाणाच्या फुलाच्या मधल्या, बोटांसारख्या फाकलेल्या टोकावर ब्रश सगळीकडून लावा.

४. पाऊस यायचा रंग असेल तर लावून झाल्यावर फुलावर कागदी पाकीट टाका.

दोन वाण एकाच रात्री फुलत नसतील तर पराग सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डबीत फ्रीजमध्ये ठेवता येतो, काही दिवस चालतो. ओला पराग ठेवला तर बुरशी.

चेक: पाच-सहा दिवसांनी फुलाचं बूड हिरवं आणि फुगीर असेल तर धरलं, पिवळं पडलं तर ते गळणार. धरलेल्या फळावरची वाळलेली पाकळी पावसाळ्यात हलकी ओढून काढा, तिथून सडतं.

## टप्पा ७: सूर्यफूल, कांद्याचं बी आणि मधमाशीच्या पेट्या

सूर्यफुलाचं तबक बाहेरच्या कडेपासून आत असं आठवडाभर फुलत जातं. माशी कमी असली की मधला भाग पोचट राहतो, वजन तिथंच जातं. पेट्या नसतील तर सकाळी ८ ते ११ मध्ये तळहाताला मलमलचं मऊ कापड गुंडाळून तबकावर हलक्या हातानं फिरवायचं, एका तबकावरून दुसऱ्यावर. एक दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. दवानं तबक ओलं असताना फिरवू नका, पराग कापडाला चिकटून बसतो आणि लगदा होतो.

कांद्याच्या बियाण्याचं गणित पूर्ण माशीवर आहे, गोंड्यात (कांद्याच्या फुलांच्या गुच्छात) एकेका फुलाचा पराग आधी सुटतो आणि मादी टोक नंतर तयार होतं, त्यामुळं पराग दुसऱ्या फुलावरून आणणारं कोणीतरी लागतंच. आणि मजा अशी की मधमाशीला कांद्याचा मकरंद फारसा आवडत नाही, त्यात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी त्याच वेळी मोहरी, धने किंवा शोप फुललेली असेल तर माशी तिकडं जाते आणि तुमचे गोंडे बघतच राहतात.

पेट्या ठेवायच्या असतील तर:

- शेतात साधारण १० टक्के फुलं उघडली की आणा. आधी आणल्या तर माशी दुसरीकडचा रस्ता पाठ करते आणि मग वळत नाही.
- एकरी दोन पेट्या हा सरसकट हिशोब, पण पेटीत माश्या किती हे उघडून बघा. भाड्यानं अर्धी रिकामी पेटी गळ्यात मारतात.
- हलवायचं काम रात्रीच, दार बंद करून.
- सावली, जवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात खडे, नाहीतर माश्या बुडतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.
- शेजाऱ्याला सांगा. तुम्ही फवारणी थांबवली आणि बांधापलीकडच्या माणसानं सकाळी औषध मारलं तर तुमच्या माश्या जातात. पेट्या आणायच्या आधी शेजारच्या चार जणांशी बोलणं हे पेटीच्या भाड्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

इशारा: कांद्याच्या बी प्लॉटजवळ दुसऱ्या वाणाचे डेंगळे (कांद्याचे फुलांचे दांडे) फुलू देऊ नका. माशी लांबून पराग आणते, बी भेसळ होतं आणि बी घेणारी कंपनी ते परत करते. पेट्या ठेवल्यावर हा धोका कमी होत नाही.

## टप्पा ८: शेडनेटमधला टोमॅटो

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर धरतं, फक्त ते हललं पाहिजे. बाहेर वारा आणि भुंगा फूल थरथरवतात, नेटमध्ये दोन्ही नाहीत. मधमाशीची पेटी आत ठेवूनही फारसं होत नाही कारण मधमाशीला ते थरथरवणं जमत नाही.

सकाळी १० ते दुपारी १ च्या दरम्यान, पानं कोरडी झाल्यावर, ज्या तारेला झाडं बांधलीत त्या तारेवर काठीनं टकटक करत ओळीनं चालत जा. दोन दिवसांआड. गच्चीवर दोन-चार झाडं असतील तर जुन्या बॅटरीच्या टूथब्रशची पाठ फुलाच्या देठाला लावा, काम होतं. वांग्यालाही तसंच. मिरचीला सहसा एवढं लागत नाही.

दिवसा ३५ च्या वर गेलं आणि रात्रही गरमच राहिली की परागच खराब होतो, मग कितीही हलवा. एप्रिल-मे मध्ये धरत नसेल तर सावली वाढवा, आणि तेवढे दिवस झाड जगवण्यावर समाधान माना.

## टप्पा ९: निकाल बघा आणि मगच दुसरं काही करा

तीन-चार दिवसांनी सुतळ्या बघत फिरा.

वेलाचं बारकं फळ टोकाकडून पिवळं पडून सुरकुतलं: पराग मिळाला नाही. वेळ आणि नर फुलाचा ताजेपणा तपासा.

फळ थोडं वाढलं आणि मग वाकडं होऊन सडलं, सालीवर बारकं छिद्र किंवा डिंकाचा थेंब: ही फळमाशी, परागाशी संबंध नाही. वेलवर्गात क्यू-ल्यूरचे (वेलवर्गातल्या नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावा. आंब्याचे मिथाइल युजेनॉलचे सापळे इथं चालत नाहीत, तरी दुकानातून तेच आणून लावलेले बघायला मिळतात.

फळ धरलं, निरोगी आहे, पण वाढ थांबून गळालं, आणि वेलावर आधीची मोठी फळं लटकलेली: वेलाला झेपत नाही. तयार माल वेळेवर तोडा.

सगळं बरोबर करूनही निम्म्याच्या वर जात असेल तर आता माती परीक्षणाचा रिपोर्ट काढा आणि बोरॉन-बिरॉनचा विचार करा.

आणि उलटं झालं, म्हणजे सीताफळाला किंवा कलिंगडाला अपेक्षेपेक्षा जास्त सेट झालं, तर विरळणी लगेच करा, फळ सुपारीएवढं असतानाच. आधी चपटी आणि एका अंगानं भरलेली काढा, मग एकाच जागी दोन असतील तर त्यातलं बारीक देठाचं काढा, कलिंगडाच्या वेलावर दोनच्या वर ठेवू नका.